सीमेचे ठराव आणि जतचे पाणी

दोन भाऊबंदांत बांधावरून तंटा लागला की गावात सर्वांत आधी कोणाचे तोंड गोड होते, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. हातभर जमिनीपायी एक भाऊ दावणीची म्हैस विकतो, दुसरा बायकोच्या गळ्यातली बोरमाळ मोडतो, आणि तारखेमागून तारीख पडत राहते. ज्याची चूल त्या तारखांवर पेटते तो मनुष्य दोघांनाही एकच सल्ला देतो की, मागे हटू नकोस. तंटा मिटला तर त्या बिचाऱ्याने खावे काय?

आमच्या एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत तिकडच्या सीमेचा एवढा गाजावाजा झाला, मग ऐन निवडणुकीच्या वर्षात तिथे सीमेचा कायदा का झाला नाही? आणि आपल्याकडे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर ठरावावर ठराव होऊनही गाव एकही इकडचे तिकडे का झाले नाही? वाचकाने प्रश्न दोन विचारले असले तरी आमच्या मते दोहोंचे मूळ एकच आहे, म्हणून आज त्यावर चार शब्द लिहितो.

प्रथम दूरचे सांगून टाकू. अमेरिकेच्या दक्षिणेस मेक्सिको देश आहे. त्या सीमेवरून पोटासाठी व जिवाच्या भीतीने येणाऱ्या माणसांची संख्या २०२३ च्या डिसेंबरात एका महिन्यात अडीच लाखांच्या आसपास गेली. रिपब्लिकन पक्षाने ओरड केली की राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी दार सताड उघडे टाकले आहे. ती ओरड सगळीच खोटी नव्हती. बायडन यांच्या सरकारनेही तीन वर्षे हा प्रश्न अंगावरून झटकून टाकला होता आणि निवडणूक दाराशी आल्यावर त्यांस जाग आली. मग दोन्ही पक्षांतले तीन सेनेटर बसले. रिपब्लिकनांचे लँकफर्ड, डेमोक्रॅटांचे मर्फी आणि अपक्ष सिनेमाबाई. महिनोन्महिने खल करून त्यांनी ४ फेब्रुवारी २०२४ रोजी कायद्याचा मसुदा बाहेर काढला. सीमेच्या बंदोबस्तासाठी सुमारे २० अब्ज डॉलर, आश्रय मागणाऱ्यांची पारख अधिक कडक, आणि येणाऱ्यांची आठवड्याची सरासरी दिवसास ५,००० वर गेली की सरकारने दार लावून घ्यावे, अशी त्यात कलमे होती. कित्येक डेमोक्रॅटांस तो फार कठोर वाटला, आणि तो वाटावा असाच होता. पण रिपब्लिकन जे वर्षानुवर्षे मागत होते त्यातले पुष्कळ त्यात होते.

तरी तो मेला. डोनाल्ड ट्रम्प त्या वेळी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फिरत होते. त्यांनी आपल्या पक्षास उघड सांगितले की हा कायदा होऊ देऊ नका, आणि वाटल्यास दोष माझ्या माथी मारा. ७ फेब्रुवारीस सेनेटात तो विषय विचारास घ्यावा की नाही एवढ्यावरच मते पडली. साठ हवी होती, पडली एकोणपन्नास. लँकफर्ड यांच्याच पक्षातल्या बहुतेकांनी त्यांची पाठ सोडली. मे महिन्यात पुन्हा एकदा आणला, पुन्हा पडला. नोव्हेंबरात सीमेच्याच नावाने डांगोरा पिटून ट्रम्प निवडून आले. घर जळत आहे असे ओरडणाऱ्याने बंबाच्या चाकातली हवा काढावी, आणि लोकांनी त्यालाच बंबाचा हवालदार करावा, असा तो प्रकार झाला. पुढे २०२५ साली त्यांच्या पक्षाने भिंतीसाठी त्याहूनही मोठी रक्कम एकट्याच्या बळावर मंजूर करून घेतली, तेव्हा पैशाची किंवा कायद्याची ॲलर्जी त्यांना नव्हती हे उघडच झाले. अडचण मुहूर्ताची होती.

यात आपले काय गेले, असे कोणी म्हणेल. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला अमेरिकेचे लष्करी विमान उतरले. हातापायांत बेड्या घालून आणलेली १०४ भारतीय माणसे त्यातून उतरविली गेली. पंजाब, हरियाणा, गुजरातची बहुतेक होती, पण तिघे महाराष्ट्रातले होते. शेत विकून, कर्ज काढून दलालाच्या हाती पैसे दिलेली असली माणसे कोणाच्या घरची असतात हे काय सांगावे? सीमेचे राजकारण वरच्या मजल्यावर चालते, आणि बेडी खालच्या मजल्यावरच्याच्या पायात पडते.

आता घरी येऊ.

आपल्या देशाचे राष्ट्रपती अमेरिकेच्या अध्यक्षासारखे नव्हेत. त्यांची निवड तुमच्या आमच्या मताने होत नाही, आमदार-खासदारांच्या मताने होते, आणि ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. परंतु राज्याची हद्द बदलण्याच्या कामात त्यांचे नाव घटनेने घातले आहे, ते आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. घटनेचे तिसरे कलम सांगते की, कोणत्याही राज्याची सीमा बदलावयाची तर तो कायदा संसदेने करावयाचा. त्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून मांडता येत नाही. राष्ट्रपती ते त्या त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत कळविण्यास धाडतात. विधिमंडळाने नाही म्हटले तरी संसद बांधलेली नाही, आणि साध्या बहुमताने काम होते. म्हणजे मुंबईच्या किंवा बंगळूरच्या विधानसभेने एकमताने, बाके बडवून, कितीही जोराचा ठराव केला तरी त्याने शिवेचा दगड तसूभर हलत नाही. ठराव म्हणजे लग्नाची पत्रिका. अक्षता दिल्लीत पडतात, नाहीतर न्यायालयात.

दिल्लीने मनात आणले तर हे होत नाही काय? होते. आंध्र आणि मद्रास यांचा असाच तंटा होता. तो सोडविण्यास आपल्या खानदेशचे हरी विनायक पाटसकर गेले. त्यांनी खेडे हा घटक धरला, लोकांची भाषा पाहिली, गावाला गाव लागून आहे की नाही ते पाहिले. १९५९ साली संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून तिरुत्तणीसकट गावे इकडची तिकडे झाली. पाटसकरांच्या नावाचे ते सूत्र महाराष्ट्र तेव्हापासून घोकत आहे. मराठी माणसाने दुसऱ्याचे बांध मोजून दिले, आणि त्याच्या घरचा बांध तसाच राहिला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी जानेवारीतच तिथे मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. दर १७ जानेवारीस तिकडे हुतात्मा दिन पाळतात. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली आणि आपल्याकडची कानडी बहुसंख्येची २६० गावे देऊ केली. हे दुसरे वाक्य आमच्याकडचे पुढारी सभेत सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो. १९६६ साली सेनापती बापटांनी उपोषण केले, तेव्हा दिल्लीने न्यायमूर्ती महाजनांचा आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव कर्नाटकातच ठेवावे, २६४ गावे महाराष्ट्रास द्यावी आणि २४७ गावे महाराष्ट्राकडून घ्यावी. त्या २४७ मध्ये आमच्या जत तालुक्यातली गावेही होती. म्हैसूरने अहवाल डोक्यावर घेतला, महाराष्ट्राने फेटाळला. त्या वेळी देशाचे गृहमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण, आमच्याच देवराष्ट्र्याचे. मुंबईत, बंगळुरात, दिल्लीत राज्य एकाच काँग्रेसचे. विधेयक आले नाही.

पुढे २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. वीस वर्षे उलटली तरी निकाल हाती आला नव्हता. ज्या पोराचे नाव त्या वर्षी बेळगावच्या मराठी शाळेत घातले, ते पोर शिकून पुण्यास नोकरीस लागले असेल.

२००७ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली. प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या. शिवसेना तेव्हा दुसऱ्या आघाडीत होती, त्या आघाडीचा पाठिंबा शेखावतांना होता. परंतु मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत आहे म्हणून सेनेने आपली मते ताईंच्या पारड्यात टाकली. आम्हांसही त्या दिवशी आनंद झाला, तो लपवीत नाही. मराठी मुलखातली बाई रायसीना टेकडीवर गेली, यात आनंद न व्हावा असे काय होते? पण त्या पाच वर्षांत सीमेचे विधेयक शिफारशीसाठी त्यांच्या मेजावर कोणी ठेवलेच नाही. दोष त्यांचा नव्हे. मंत्रिमंडळाने कागद पाठविल्यावाचून राष्ट्रपतींनी करावे काय? ज्यांनी मराठीपणाच्या नावाने मते दिली व मागितली, त्यांच्यापैकी कोणी तो कागद पाठवा म्हणून दिल्लीची वाट अडविली नाही, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो. त्या पायउतार झाल्या जुलै २०१२ मध्ये. ऑक्टोबरात त्यांच्या जागी आलेले राष्ट्रपती प्रणव मुखर्जी बेळगावास गेले आणि त्यांच्या हस्ते कर्नाटकाच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. वादातल्या जागेवर पक्का वाडा बांधून वास्तुशांतीला पंचांतला सर्वांत वडील मनुष्य बोलवावा, तसे हे झाले.

याच २०१२ च्या सुमारास जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या चाळीसेक गावांतून हाक उठली की आम्हांस पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो. हे नीट ऐका. या गावांतली पुष्कळ माणसे घरात कानडी बोलतात, मुले जिल्हा परिषदेच्या कानडी शाळेत जातात. पण त्यांनी कानडीसाठी कर्नाटक मागितले नाही, पाण्यासाठी मागितले. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्ही राज्यांतले लोक येतात, तिथे कोणी कोणास तुझे राज्य कोणते म्हणून विचारीत नाही. पूर्वेच्या माळावर उन्हाळ्यात टँकर किती खेपा करील हे मात्र सगळे विचारतात. जतचा मनुष्य कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, मेंढरे घेऊन कृष्णाकाठी उतरतो. घरच्या शिवारात पाणी असते तर त्याने बिऱ्हाड पाठीवर कशाला घेतले असते?

कृष्णेचे पाणी म्हैसाळहून उचलून या दुष्काळी भागास द्यावयाचे, अशी योजना १९८४ साली मंजूर झाली. पाणी टप्प्याटप्प्याने वर चढले, मिरज-कवठेमहांकाळ भागात पोचले, जतच्या पश्चिमेस पोचले. पूर्वेची साठाहून अधिक गावे कोरडी राहिली. त्यांच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीत, तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जवळच्या कालव्यात खेळू लागले. जमिनीचा उतार असा की तिकडून आणावयास सोपे. उलट उन्हाळ्यात कर्नाटकातली कृष्णा आटते तेव्हा ते सरकार आमच्या कोयनेचे पाणी मागते आणि आम्ही सोडतो. मग कोयनेचे थोडे तुम्ही घ्या, तुबचीचे थोडे जतला द्या, असा सरळ शेजारधर्माचा सौदा कोणत्याही दोन शहाण्या शेतकऱ्यांनी चावडीवर बसून एका सकाळी केला असता. अशा देवाणघेवाणीची बोलणी सरकारांतही झाली. पण झाली केव्हा व कशी, ते पाहा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक. कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा जतला प्रचारास आले आणि भर सभेत पाणी देण्याचे वचन देऊन गेले. तिकडे कर्नाटकात विरोधकांनी आरडाओरडा केला, इकडे त्यांच्या पक्षाचा उमेदवार पडला, आणि वचनाचे पाणी झाले. शिवारात मात्र आले नाही. तीन वर्षे गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच पक्षाचे दुसरे मुख्यमंत्री बोम्मई म्हणाले की जतच्या चाळीस गावांवर आम्ही दावा सांगणार. त्यांच्या राज्याची निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. डिसेंबरच्या आरंभी तुबचीचे पाणी सुटले आणि तिकोंडीच्या तलावात येऊन पोचले! इतकी वर्षे जे पाणी करारमदाराच्या अडचणीने येऊ शकत नव्हते, ते वादाच्या एका आठवड्यात कसे आले? आणि त्याच घाईत मुंबईच्या सरकारास आठवले की विस्तारित म्हैसाळ योजनेसाठी सुमारे दोन हजार कोटी रुपये द्यावयाचे आहेत. दोन सवतींच्या भांडणात जतच्या वाट्याला घोटभर पाणी आले, ते आम्ही नाकारीत नाही. पण शेतकऱ्याने तहान लागली की दरवेळी सीमा पेटवावी, अशी रीत सरकारे पाडणार असतील तर तिचा शेवट बरा होणार नाही.

पेटल्यावर जळले कोण? ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावाजवळ हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या पाटीचे ट्रक फोडले. पुण्यात कर्नाटकाच्या गाड्यांस काळे फासले. एस. टी. बंद झाली. महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावास जाणार होते, त्यांनी दौरा पुढे ढकलला. मंत्र्याला दौरा पुढे ढकलता येतो. सांगलीच्या पेठेत हळद घेऊन येणारा कर्नाटकाचा शेतकरी, मिरजेच्या दवाखान्यात आईला आणणारा चिक्कोडीचा मनुष्य, माधवनगरच्या मागावरून उतरलेले कापड घेऊन दक्षिणेकडे निघालेला ड्रायव्हर, यांना पुढे ढकलण्यासारखे काय होते? फुटलेली काच ज्याच्या अंगावर पडली त्याने कधी विधानसभेत ठराव मांडला नव्हता.

१४ डिसेंबरास दिल्लीत गृहमंत्री अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांस समोरासमोर बसविले. न्यायालयाचा निकाल लागेतो कोणी दावा सांगू नये, दोन्हीकडचे तीन तीन मंत्री मिळून बोलणी करावी, आणि सीमेवर शांतता राखण्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याची समिती असावी, असे ठरले. शाई वाळली नव्हती तोच २२ तारखेस कर्नाटकाने ठराव केला की इंचभर जमीन देणार नाही, आणि २७ तारखेस नागपुरास महाराष्ट्राने एकमताने ठराव केला की ८६५ गावांची इंच इंच जमीन घेणार. त्या वेळी दिल्लीत भाजप, बंगळुरात भाजप आणि मुंबईत भाजपच्याच आधाराचे सरकार होते. दोन्ही ठरावांचे कागद एकाच घराच्या दोन खोल्यांत लिहिले गेले. घरच्या वडिलाने विधेयक आणतो असेही म्हटले नाही आणि आणत नाही असेही म्हटले नाही.

आणि मे २०२३ मध्ये? कर्नाटकात निवडणूक झाली. नागपुरास ठरावासाठी हात वर करणाऱ्या राष्ट्रीय पक्षाचे पुढारी बेळगावास गेले, ते महाराष्ट्र एकीकरण समितीसमोर उभ्या असलेल्या आपल्या पक्षाच्या उमेदवारांसाठी मते मागावयास. येऊ नका म्हणून समितीने सांगितले होते. लोकांनी काळी निशाणेही दाखविली. २०१८ प्रमाणे २०२३ सालीही समितीची एकही जागा आली नाही. समितीतली फाटाफूट त्यास कारण आहेच, पण पाठीत वार कोणी केला तेही बेळगावकरांस ठाऊक आहे. गंमत अशी की ज्यांनी जतवर दावा सांगितला त्या बोम्मईंचा पक्षही त्या निवडणुकीत साफ पडला. कर्नाटकाच्या शेतकऱ्याने गॅसचा भाव पाहिला, भ्रष्टाचार पाहिला आणि मत दिले. जतच्या चाळीस गावांसाठी त्याचे डोके भणाणले नव्हते.

आमचा अर्थ कोणी वाकडा करू नये. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी माणसावर जो अन्याय झाला तो खराच आहे. त्याला सातबाऱ्याचा उतारा समजेल अशा भाषेत मिळाला पाहिजे, त्याच्या पोराला मराठी शाळा मिळाली पाहिजे. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध जे मेले त्यांचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण जो हक्क आम्ही बेळगावच्या मराठ्यासाठी मागतो तोच संख-उमदीच्या कानडी शेतकऱ्यास द्यावयास आमची जीभ अडखळता कामा नये. सरकारी पत्र त्याला कानडीत मिळावे म्हणून किंवा त्याच्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी राहू नये म्हणून न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे काही कारण नाही. हे आमच्याच हातचे आहे. आम्ही ते केले तर बेळगावच्या मराठी माणसासाठी बोलताना आमचा शब्द जड पडेल.

तेव्हा पुढच्या निवडणुकीस जो कोणी भगवा, तिरंगा किंवा आणखी कसला पट्टा गळ्यात घालून आमच्या गावी येईल आणि सीमेच्या नावाने मूठ आवळील, त्याला खाली बसवून घ्या, चहा द्या, आणि विचारा की तिसऱ्या कलमाचे विधेयक दिल्लीत तुमचा पक्ष केव्हा मांडणार? मांडणार नसाल तर तसे तोंडाने सांगा, म्हणजे आम्ही निदान न्यायालयाकडे डोळे लावून गप्प बसू. आणि कोयना-तुबचीच्या पाण्याच्या देवाणघेवाणीवर दोन्ही सरकारांची सही आहे काय, असल्यास तो कागद दाखवा. सभेतले वचन आम्ही २०१९ साली एकदा ऐकले आहे.

जत तालुक्याच्या पूर्वेकडील आमच्या वाचकांस एक विनंती. तुमच्या गावच्या तलावात म्हैसाळचे किंवा तुबचीचे पाणी कोणत्या तारखेस आले, किती दिवस टिकले, कितीजणांच्या विहिरींस पाझर लागला, आणि त्या आठवड्यात कोठे निवडणूक होती काय, एवढे एका कार्डावर लिहून आम्हांस धाडावे. मराठीत लिहा, कानडीत लिहा, वाचून घेणारी माणसे माधवनगरच्या मागावर पुष्कळ आहेत. आलेली माहिती गाववार छापू.